भेदबुद्धीचें मूळ : आत्मकथांतील दुय्यम माणसें

गेल्या वर्षीं पदवीच्या वर्गास आम्ही मराठी आत्मकथा हा विषय शिकवीत होतों. सत्र संपतां संपतां एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ह्या सर्व पुस्तकांत भेदाभेद करणारीं माणसें इतकीं आहेत. पाणी वरून ओतणारीं, खोली नाकारणारीं, जात कळतांच तोंड फिरविणारीं. मग माझ्या ओळखीच्या माणसांत तसें एकहि माणूस कसें नाहीं? हीं सगळीं माणसें गेलीं तरी कोठें?" वर्गांत थोडी खसखस पिकली. आम्हीं कायदा, शिक्षणाचा प्रसार, शहरांची वाढ असें ठराविक उत्तर दिलें आणि तास संपला. परंतु घरीं परततांना तें उत्तर आमचें आम्हांसच पटेना. एका मुलीनें धैर्यानें खरा प्रश्न विचारला आणि आम्हीं तिला वाटेस लावलें, अशी रुखरुख मनास लागून राहिली. प्रस्तुत लेख हें त्या प्रश्नाचें उशिरा दिलेलें उत्तर आहे.

माणूस माणसाशीं भेदानें कां वागतो, ह्या प्रश्नाचीं दोन उत्तरें आपल्या सुशिक्षित समाजांत रूढ आहेत. अज्ञानामुळें, हें एक. द्वेषामुळें, हें दुसरें. दोन्ही उत्तरें मोठीं सोयीचीं आहेत. आपण अज्ञानी नाहीं हें पदवीनें सिद्ध होतें, आणि आपल्या मनांत कोणाविषयीं द्वेष नाहीं अशी प्रत्येकाची स्वतःपुरती खात्री असतेच. तेव्हां कोणतेंहि उत्तर घेतलें तरी दोष आपल्या उंबऱ्याबाहेर राहतो. आमच्या टीकावाङ्मयानेंहि ह्याच सोयीचा आश्रय केला आहे. दया पवार ह्यांचें 'बलुतं' १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यामागून लक्ष्मण माने ह्यांचें 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे ह्यांचें 'अक्करमाशी' (१९८४), लक्ष्मण गायकवाड ह्यांचें 'उचल्या' (१९८७) अशी आत्मकथांची एक मोठी परंपराच मराठींत उभी राहिली. ह्या पुस्तकांविषयीं लिहितांना 'दाहक', 'विदारक', 'अंतर्मुख करणारें' हीं विशेषणें आम्हीं टीकाकारांनीं सढळ हातानें वापरलीं. पण अंतर्मुख होऊन आंत काय दिसलें, हें मात्र फारसें कोणीं सांगितलें नाहीं.

ह्याचें कारण आमच्या वाचण्याच्या रीतींत आहे. वाचतांना आपण नकळत निवेदकाच्या बाजूस जाऊन बसतों. त्याच्याबरोबर तहानेनें व्याकूळ होतों, त्याच्या अपमानानें संतप्त होतों, आणि पुस्तक मिटतांना आपण चांगले आहों अशी खात्री करून घेतों. वस्तुतः आपल्या मध्यमवर्गीय घरांतील बहुतेकांची खरी जागा त्या पुस्तकांत अन्यत्र असते. निवेदकाच्या वाटेंत क्षणभर येऊन जाणारीं, बहुधा निनांवी अशीं जीं दुय्यम माणसें असतात, त्यांच्यांत ती जागा असते. त्या माणसांकडे जरा थांबून पाहिलें, तर भेदबुद्धीचें मूळ कोठें आहे ह्याचा कांहीं उलगडा होईल, असें आम्हांस वाटतें.

प्रथम एक सुपरिचित प्रसंग घेऊं. डॉ. आंबेडकरांनीं इंग्रजींत लिहून ठेवलेल्या कांहीं आठवणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या नांवानें त्यांच्या निधनानंतर, १९९० सालीं, पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाल्या. त्यांतील पहिली आठवण १९०१ सालची आहे. वडील नोकरीनिमित्त गोरेगांवीं होते. त्यांच्याकडे सुटींत जाण्यासाठीं मुलें साताऱ्याहून आगगाडीनें निघालीं आणि मसूरच्या स्टेशनावर उतरलीं. मुलें येत असल्याची वर्दी वडिलांपर्यंत पोंचलीच नव्हती, म्हणून नेण्यास कोणी आलें नव्हतें. नीटनेटक्या कपड्यांतलीं तीं मुलें पाहून स्टेशनमास्तरांनीं आपण होऊन चौकशी केली. मुलें ब्राह्मणाचीं असावींत, असा त्यांचा समज झाला होता. आपण महार आहों, हें मुलाच्या तोंडून निघून गेलें मात्र, आणि मास्तरांचा चेहरा पालटला. ते निघून गेले. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या होत्या. पण दुप्पट भाडें देऊं केलें तरी कोणी गाडीवाला मुलांना घेण्यास राजी होईना. शेवटीं तोड निघाली ती स्टेशनमास्तरांच्याच मध्यस्थीनें. मुलांनीं दुप्पट भाडें द्यावें, गाडी त्यांनीं स्वतः हांकावी, आणि गाडीवाल्यानें बरोबर पायीं चालावें, असा तो करार होता.

हा प्रसंग आम्हीं अनेक वेळां वाचला व शिकविला. प्रत्येक वेळीं आमचें लक्ष मुलांकडे होतें. आतां त्या दोघा मोठ्या माणसांकडे पाहूं. स्टेशनमास्तरांना दुष्ट म्हणतां येईल काय? मुलें उघड्यावर पडलीं हें त्यांच्या मनास लागलें असलें पाहिजे. नाहीं तर ते पुन्हा बाहेर आले नसते आणि गाडी ठरवून देण्याच्या खटाटोपांतहि पडले नसते. त्यांनीं मदत केली, पण मदत करतांना भेदाची रेषा तिळमात्र पुसूं दिली नाहीं. किंबहुना ती सांभाळून मदत कशी करतां येईल, ह्याचीच युक्ति त्यांनीं शोधून काढली. आणि गाडीवाला? त्याचें वर्तन तर अधिकच विचार करण्यासारखें आहे. ह्या करारांत त्याला भाडें दुप्पट मिळालें हें खरें. पण स्वतःच्या गाडींतली स्वतःची जागा सोडून तो मैल मैल धुळींतून चालण्यास तयार झाला. भेदापायीं त्यानें आपल्या देहास कष्ट दिले. पुढें कांहीं वाटचाल झाल्यावर तोच गाडीवाला एकाएकीं गाडींत चढून मुलांच्या शेजारीं बसला. मुलांना आश्चर्य वाटलें, पण विचारण्याचा धीर झाला नाहीं. आम्हांस तर साऱ्या आठवणींत हें एक वाक्य विशेष मोलाचें वाटतें. स्टेशनावरचीं माणसें आणि इतर गाडीवाले मागें राहिले होते. पाहणारें कोणी उरलें नाहीं तेव्हां विटाळहि उरला नाहीं, असाच ह्याचा अर्थ आम्ही लावतों. गाडीवाल्याला मुलांच्या स्पर्शाचें भय जितकें होतें, त्याहून आपल्या बरोबरीच्या गाडीवाल्यांच्या डोळ्यांचें अधिक होतें.

कोणी म्हणेल, तो गाडीवाला निरक्षर असेल, काळहि जुना. शिक्षणानें हें सर्व पालटतें. त्याचें उत्तर कुमुद पावडे ह्यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) ह्या पुस्तकांत सांपडतें. त्या नागपुरांतल्या एका दलित घरांतून येऊन संस्कृत घेऊन एम्. ए. झाल्या. शाळेंत त्यांना गोखले गुरुजी भेटले. हे जुन्या वळणाचे गृहस्थ आपणांस संस्कृत शिकवितील कीं नाहीं, अशी धास्ती त्या मुलीला होती. पण गुरुजींनीं मायेनें शिकविलें. पुढें विद्यापीठांत मात्र एका गाढ्या पंडिताची नापसंती आणि टोमणे त्यांच्या वांट्यास आले. पदवी हातीं आल्यावरहि नोकरी मिळेना. कुमुद सोमकुवर ह्या नांवानें जी प्राध्यापकी मिळाली नाहीं, ती विवाहानंतर कुमुद पावडे ह्या नांवानें मिळाली, हें त्यांनीं कडवटपणें नोंदविलें आहे. विद्या तीच, बाई तीच. पालटलें होतें तें आडनांव. ह्या हकीकतींत जीं नाकारणारीं माणसें आहेत तीं सर्व सुशिक्षित आहेत. ग्रंथांनीं बुद्धि वाढते, पण ती भेदाच्या सेवेसहि तितक्याच तत्परतेनें लागूं शकते. तेव्हां अज्ञान हें भेदाचें मूळ होय, हें उत्तर आम्हांस सोडून द्यावें लागतें.

मग द्वेष हें तरी मूळ आहे काय? ह्यासाठीं आम्ही असें पुस्तक घेतों कीं जें मराठी घरांत देवाजवळ ठेवावें अशा भक्तीनें वाचलें गेलें. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) ह्या पुस्तकांत मोळी उचलूं न शकणाऱ्या एका महार म्हातारीची हकीकत आहे. आईला तिची दया येते. ती श्यामला सांगते कीं, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि मग घरीं येऊन आंघोळ कर. आईचें हृदय किती थोर, असें म्हणून आपण हा प्रसंग वाचतों. आणि तें थोर होतेंच. त्या काळीं त्या गांवांत हें सांगण्यास धैर्य लागलें असेल. परंतु ती आंघोळ आपल्या लक्षांतून सुटते. आईच्या मनांत म्हातारीविषयीं द्वेष नाहीं, करुणा आहे; आणि त्याच मनांत, करुणेच्या अगदीं शेजारीं, आंघोळहि आहे. दोन्ही एकमेकींस अडथळा करीत नाहींत. साने गुरुजींचा मोठेपणा असा कीं, त्यांनीं ती आंघोळ गाळली नाहीं; आणि पुढें त्याच माणसानें मे १९४७ मध्यें पंढरपूरचें विठ्ठलमंदिर सर्वांस खुलें व्हावें म्हणून उपोषण केलें. आईनें दिलेली करुणा त्यांनीं ठेवली आणि आंघोळ टाकून दिली. आपणांपैकीं बहुतेकांनीं दोन्ही ठेवल्या. दया असली म्हणजे भेद गेला, ही समजूत किती खोटी आहे हें ह्यावरून ध्यानांत येईल. दया वरून खालीं वाहते. तिला उंचसखलपणा लागतोच.

अज्ञान नव्हे, द्वेषहि नव्हे, मग काय? येथें लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रें' उपयोगीं पडतात. १९३४ पासून भागाभागानें निघालेल्या ह्या पुस्तकाच्या आरंभींच लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. त्यांचें सोंवळें सर्वांहून निराळें होतें. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या सासऱ्यांस फांशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर विटाळाची कल्पना त्यांच्या मनांत वेडाच्या थरास पोंचली. सारें घर धुणेंपुसणें आणि शिवाशीव ह्यांनीं गांजून गेलें. लक्ष्मीबाई हें सर्व विनोदानें सांगतात, त्यामुळें आपण हंसतों. पण त्या हंसण्यामागें एक भेदरलेला माणूस उभा आहे. ज्याचें जग एका सकाळीं कोसळलें, त्यानें आपल्याभोंवतीं पाण्याची एक रेषा ओढून घेतली आणि ती जन्मभर राखीत बसला. बाहेरचें कांहींच हातीं राहिलें नाहीं तेव्हां निदान आपण पवित्र आहों एवढें तरी हातीं असावें, अशी ती धडपड होती. भेद पाळणारा माणूस बळाच्या गर्वानें पाळतो असें आपण समजतों. पुष्कळदां तो भयानें पाळतो, हें ह्या चित्रावरून दिसतें.

हें भय कशाचें, हें डॉ. आंबेडकरांच्या विवेचनावरून अधिक स्पष्ट होतें. ९ मे १९१६ रोजीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत त्यांनीं जातिसंस्थेवर निबंध वाचला. वरच्यांचें अनुकरण खालचे करीत गेले आणि त्यामुळें जातींचीं कुंपणें सर्वत्र पसरलीं, असें एक सूत्र त्यांत आहे. पुढें १९३६ सालीं लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठीं लिहिलेलें, आणि संमेलनच रद्द झाल्यामुळें स्वखर्चानें छापलेलें त्यांचें भाषण प्रसिद्ध आहे. त्यांत त्यांनीं दाखविलें कीं, ही विषमता जिन्याच्या पायऱ्यांसारखी आहे. अगदीं खालची पायरी सोडली तर प्रत्येकाच्या खालीं कोणी तरी आहे. म्हणून वरच्याविरुद्ध तक्रार करणाऱ्यालाहि सबंध जिना मोडावासा वाटत नाहीं, कारण त्याबरोबर त्याची स्वतःची पायरीहि जाते. मसूरचा गाडीवाला पायीं कां चालला, ह्याचें उत्तर आम्हांस येथें मिळालें. गांवाच्या व्यवहारांत त्या गरीब माणसाजवळ मान म्हणण्यासारखें फारसें कांहीं नसेल. जें थोडें होतें तें एवढेंच, कीं कांहीं माणसें त्याच्याहून खालीं होतीं. तें तो चार लोकांदेखत दुप्पट भाड्यासहि विकण्यास तयार नव्हता.

ही गोष्ट सर्वांत निर्भयपणें कोणीं सांगितली असेल तर ती बेबी कांबळे ह्यांनीं. त्यांचें 'जिणं आमुचं' प्रथम 'स्त्री' मासिकांत क्रमशः आलें व १९८६ सालीं पुस्तकरूपानें निघालें. फलटण भागांतील महारवाड्याचें जिणें त्यांत आहे. वरच्या समाजानें जें केलें त्याची सांगोपांग हकीकत त्या देतातच. पण तेथें थांबत नाहींत. सुनांचा महारवाड्यांत सासवांनीं जो छळ केला, त्याचेंहि वर्णन त्या तितक्याच उघडपणें करतात, आणि त्याचें कारणहि सांगतात. त्यांच्या सांगण्याचा आशय असा: आम्ही इतरांचे गुलाम होतों, पण आम्हीहि माणसेंच होतों, कोणावर तरी सत्ता चालवावी ही इच्छा आम्हांलाहि होती, गुलाम म्हणून दुसरें कोणी मिळेना, तेव्हां आम्हीं आपल्या सुनाच गुलाम केल्या. स्वतःच्या माणसांविषयीं इतकें स्पष्ट बोलण्याचा अधिकार त्यांनीं दुःख भोगून मिळविला होता. परंतु त्यांच्या वाक्याचा रोख आम्हां वाचकांकडेहि वळतो. जी इच्छा सर्वस्व हिरावलेल्या माणसांतहि टिकून राहिली, ती सुस्थित घरांत नाहीं असें कोण म्हणेल?

येथें आम्हांस आमच्याच घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचें बालपण खेडेगांवांत गेलें. घराच्या पडवींत एक कोनाडा होता आणि त्यांत कानतुटका एक कप पालथा घातलेला असे. शेतावर काम करणारे एक वृद्ध गृहस्थ सकाळीं आले म्हणजे तो कप स्वतः विसळून अंगणांत ठेवीत, आणि त्यांत वरून चहा ओतावयाचें काम आमच्याकडे होतें. आमची आजी मायाळू होती. त्यांच्या घरीं कोणी आजारी पडलें तर औषध पाठवी, सणावारीं पुरणपोळी बांधून देई. कप मात्र कोनाड्यांतच राहिला. ते गृहस्थ आमच्या वडिलांहून वयानें मोठे होते. तरी आम्ही त्यांना एकेरी नांवानें हांक मारीत असूं, आणि ते आम्हांस "धाकटे मालक" म्हणत. आम्ही त्या वेळीं आठ वर्षांचे होतों. आमच्या मनांत त्यांच्याविषयीं द्वेष मुळींच नव्हता; उलट त्यांच्या बैलगाडींत बसण्यासाठीं आम्ही हट्ट धरीत असूं. मग तो चहा ओततांना आम्हांस काय वाटे? आज प्रामाणिकपणें आठवून पाहतां उत्तर एकच मिळतें. आम्हांस आनंद वाटे. घरांत आम्ही सर्वांत धाकटे. पाणी आण, चप्पल उचल, गप्प बस, असें सर्वांनीं आम्हांस सांगावें. दिवसांतून एकदां, चहा ओतण्याच्या त्या क्षणीं, आम्ही कोणाच्या तरी वर असूं. बेबी कांबळे ह्यांचें पुस्तक वाचतांना तीस वर्षांनीं आमचा तो हात आम्हांस दिसला. भेदबुद्धीचें मूळ शोधण्यास आम्हांस फार दूर जावें लागलें नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. आपली उंची किती हें माणसास स्वतःपुरतें कळत नाहीं. ती तो दुसऱ्याशीं मापून पाहतो. खालीं कोणी असलें म्हणजे त्याला धीर येतो, आणि तें खालचें माणूस बरोबरीस येऊं लागलें कीं त्याला भय वाटतें. ह्या भयास तो कधीं धर्म म्हणतो, कधीं रीत, कधीं स्वच्छता, आणि अलीकडे गुणवत्ता. रूसोनें १७५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या विषमतेवरील निबंधांत असें कांहींसें म्हटलेंच होतें: माणसें एकत्र जमूं लागलीं, एकमेकांकडे पाहूं लागलीं, आपल्याकडेहि इतरांनीं पाहावें असें प्रत्येकास वाटूं लागलें, आणि तेथूनच विषमतेस आरंभ झाला. दोन शतकांनंतर हेन्री ताजफेल ह्या मानसशास्त्रज्ञानें ह्याची परीक्षाच घेतली. त्याचा वृत्तांत १९७० सालीं प्रसिद्ध झाला. ब्रिस्टल येथील चौदापंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांस त्यानें कांहीं चित्रें दाखविलीं, आणि तुम्ही क्लेच्या चित्रांचे चाहते, तुम्ही कांडिन्स्कीच्या, असे त्यांचे दोन गट पाडले. वस्तुतः ते गट कसेहि पाडलेले होते. मग दोन्ही गटांतल्या मुलांस पैसे वांटण्याचें काम दिलें. मुलांनीं आपल्या गटाची बाजू घेतली ह्यांत नवल नाहीं. नवल हें कीं, आपल्या गटास कमी मिळालें तरी चालेल, पण दुसऱ्या गटाहून तें अधिक असावें, असाच त्यांचा कल दिसला. मसूरचा गाडीवाला आणि ब्रिस्टलचीं मुलें ह्यांत धर्म, देश, भाषा ह्यांपैकीं एकहि गोष्ट समान नाहीं. तरी पदरची तूट सोसून अंतर राखण्याची वृत्ति दोघांत सारखीच आहे.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, भेदाचें मूळ अर्थव्यवहारांत आहे. वतन, बलुतें, फुकटची राबणूक ह्यांत ज्यांचा लाभ होता त्यांनीं तो भेद टिकविला. हें पुष्कळ अंशीं खरें आहे, आणि मोठ्या जमीनदारास तें नीट लागू पडतें. परंतु ज्यांस लाभ झाला ते थोडे; भेद पाळणारे मात्र असंख्य, आणि त्यांतले कित्येक स्वतः नागविलेले. त्या असंख्यांना मजुरी म्हणून काय मिळालें? आमच्या मतें त्यांना खालची एक पायरी मिळाली, आणि त्या मोबदल्यांत ते राबले. दुसरा आक्षेप अधिक घातक आहे. ही वृत्ति जर मनुष्यस्वभावांतच आहे, तर मग उपाय काय, असें म्हणून कांहीं लोक हात झटकतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, वर असण्याची इच्छा स्वभावांत असेल. पण कोणास खालीं धरावयाचें हें स्वभाव सांगत नाहीं, समाज सांगतो. ब्रिस्टलच्या मुलांस गट आधीं कोणीं तरी पाडून दिले होते. आमच्या पडवींतला कपहि आम्हीं आठ वर्षांच्या वयांत शोधून काढला नव्हता. तो कोनाड्यांत आमची वाट पाहत होता.

आणि जें शिकविलें गेलें तें टाकतांहि येतें. लक्ष्मीबाई टिळकांस शाळेचें शिक्षण असें मिळालें नव्हतें. रेव्हरंड टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर कित्येक वर्षें त्यांनीं आपलें सोंवळें सोडलें नाहीं. मग एकदां त्यांनीं स्वतःलाच विचारलें कीं, जाति देवानें केल्या कीं माणसानें? पशुपक्ष्यांच्या जातींत जसा उघड निराळेपणा दिसतो तसा माणसामाणसांत दिसत नाहीं. तेव्हां हें माणसाचेंच काम, असा त्यांनीं निर्णय केला, आणि त्याप्रमाणें खाण्यापिण्याचें बंधन टाकून दिलें. ही गोष्ट त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधींची आहे, म्हणजे धर्म पालटला म्हणून भेद गेला असें झालें नाहीं. ज्या घरांत सोंवळ्याचें वेड शिगेस पोंचलें, त्याच घरच्या मुलीनें कोणाच्याहि उपदेशावांचून तें उतरविलें. जो विटाळ वडिलांस सर्वत्र दिसत होता, तो मुलीला विचारापुढें उभा राहूं शकला नाहीं. गोखले गुरुजी त्याच समाजांतले. तेव्हां स्वभावाचा हवाला देऊन स्वस्थ बसण्याची सवलत आपणांस नाहीं.

आतां टीकाकार या नात्यानें दोन शब्द. भेदावर लिहिलेलें वाङ्मय केव्हां श्रेष्ठ ठरतें? आमच्या जुन्या सुधारणावादी कादंबऱ्यांत भेद व जुलूम ह्यांचें सर्व ओझें एका खलपुरुषाच्या माथीं देण्याची पद्धत होती. हरिभाऊ आपट्यांचे शंकरमामंजी हें त्याचें उत्तम उदाहरण. 'पण लक्ष्यांत कोण घेतो' ही कादंबरी थोर आहे ह्यांत संशय नाहीं. पण शंकरमामंजींचा तिटकारा करतांना आपण स्वतः त्यांच्याजागीं असूं अशी शंका आजवर कोणा वाचकास आली असेल असें वाटत नाहीं. खलपुरुष वाचकास निर्दोष ठरवितो. उलट 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधील स्टेशनमास्तर, 'श्यामची आई' मधली आंघोळ, 'जिणं आमुचं' मधल्या सासवा, हीं चित्रें वाचकास सुटूं देत नाहींत, कारण त्यांत चांगुलपणा आणि भेद एकाच माणसांत नांदतात. लेखकानें आपल्या छळकर्त्यालाहि माणूस म्हणून पाहणें ही क्षमा नव्हे. तो सत्याचा आग्रह आहे. ज्या आत्मकथांत केवळ आक्रोश आहे त्या आज थोड्या फिक्या वाटूं लागल्या, आणि ज्यांत असें निरीक्षण आहे त्यांचें तेज मात्र कमी झालें नाहीं.

राहिला त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अंमलांत आली आणि तिच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट झाली. १९५५ सालीं तीविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. ह्या कायद्यांचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. पडवींतले पुष्कळ कप त्यांनीं फोडले. पण त्या पुस्तकांतलीं माणसें कोठें गेलीं नाहींत. तीं स्टेशनावरून आपल्या दिवाणखान्यांत आलीं आहेत. नवीन ओळखीच्या माणसास आपण गांव विचारतों, मग आडनांव, आणि आडनांवावरून उलगडा झाला नाहीं तर आणखी एक आडवळणाचा प्रश्न. मुलीचें स्थळ पाहतांना आपण 'अनुरूप' हा शब्द वापरतों आणि तो सर्वांस बरोबर कळतो. कामाला येणाऱ्या बाईंस आपण मावशी म्हणतों, आणि त्यांचा चहाचा पेला मोरीजवळच्या फळीवर निराळा ठेवतों. मसूरच्या मास्तरांसारखेच आपण मदत करतों, सभ्यपणें बोलतों, आणि रेषा सांभाळतों. त्या मुलीला ओळखीच्या माणसांत असें कोणी दिसलें नाहीं, ह्याचें कारण एवढेंच कीं, तीं सर्व तिच्यावर प्रेम करणारीं माणसें आहेत. आणि ज्यांच्या प्रेमांत आपण वाढलों त्यांच्यांत भेद शोधणें फार कठीण जातें. आम्हांसहि आमच्या आजींत तो दिसावयास बरीच वर्षें लागलीं.

यंदा त्याच विषयाचा वर्ग पुन्हा आमच्याकडे आला आहे. ह्या वेळीं आम्हीं विद्यार्थ्यांस एक निबंध घालण्याचें ठरविलें आहे. कोणत्याहि आत्मकथेंतलें एक दुय्यम माणूस निवडावें, आणि तें आपल्या परिचयाच्या कोणासारखें आहे हें लिहावें. नांव देण्याची आवश्यकता नाहीं. असें लिहिणें मुलांस जड जाणार, हें आम्ही जाणतों. म्हणून पहिला निबंध आम्हीच वर्गांत वाचून दाखविणार आहों. त्याचा विषय पडवींतला कानतुटका कप हा आहे.